किंमत, मोल आणि पत : ह्युंदाई या कोरियन नाममुद्रेच्या लौकिकाची चिकित्सा

प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर मोटारींच्या जगाला अपरिचित नाही. १९८५ पासून वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना आहे. २००१ पासून शेंद्रा येथे स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच दिवशी सुमारे १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या खरेदी केल्या आणि या शहराचे नाव देशभर गाजले. या घटनेकडे मराठवाड्यातील नवश्रीमंतीचे प्रतीक म्हणून पाहिले गेले. मात्र तिची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. एकत्र खरेदी केल्यामुळे या ग्राहकांना बँकेचे कर्ज सवलतीच्या व्याजदराने मिळाले होते. म्हणजे प्रतिष्ठेची वस्तू घेतानाही येथील ग्राहकाने हिशेब सोडला नव्हता.

हिशेब आणि प्रतिष्ठा यांचे हे नाते ज्या नाममुद्रेच्या इतिहासात सर्वांत स्पष्टपणे दिसते, ती म्हणजे दक्षिण कोरियाची ह्युंदाई. कमी दामात अधिक सोयी देणारी कंपनी, अशी तिची जगभर ओळख आहे. ही ओळख तिने कशी कमावली, कशी गमावली आणि पुन्हा कशी उभी केली, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ऑक्टोबर २०२५ पासून या कंपनीच्या गाड्या पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे तयार होऊ लागल्या आहेत. त्यामुळे हा विषय महाराष्ट्राच्या दृष्टीने केवळ ग्राहकाचा राहिलेला नाही. तो उत्पादकाचा आणि कामगाराचाही झाला आहे.

तीन शब्दांतील भेद

विवेचनापूर्वी तीन मराठी शब्दांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘किंमत’ म्हणजे खरेदीच्या वेळी मोजलेली रक्कम. ‘मोल’ म्हणजे वस्तूची खरी योग्यता; ती वापरातून, काही वर्षांनी कळते. ‘पत’ म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर लोक ठेवत असलेला विश्वास. भाजी घेताना किंमत आणि मोल यांत फारसे अंतर नसते, कारण जुडी हातात घेऊन पारखता येते. मोटारीचे तसे नाही. पत्र्याच्या आतील सांगाडा, इंजिनातील धातूची प्रत, अपघाताच्या वेळी गाडी कशी वागेल, यांपैकी काहीही ग्राहकाला दुकानात दिसत नाही. ‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण मोटारीच्या खरेदीला तंतोतंत लागू पडते. म्हणूनच मोटारीच्या व्यवहारात किंमत आणि मोल यांच्यामधील अंतर पतच भरून काढते.

स्वस्त वस्तूच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. वस्तू स्वस्त का, याची दोन उत्तरे संभवतात : एक तर उत्पादकाने कौशल्याने खर्च कमी केला असेल, नाही तर ग्राहकाला न दिसणाऱ्या जागी काटकसर केली असेल. ह्युंदाईचा जवळजवळ सहा दशकांचा इतिहास म्हणजे या दोन उत्तरांमधील रस्सीखेच आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

पोनी ते एक्सेल

चुंग जू-युंग या उद्योजकाने डिसेंबर १९६७ मध्ये ह्युंदाई मोटर कंपनी स्थापन केली. ‘ह्युंदाई’ या कोरियन शब्दाचा अर्थ ‘आधुनिक’ असा आहे. प्रारंभी उल्सान येथे फोर्डच्या कॉर्टिना गाडीची केवळ जुळणी होत असे. स्वतःच्या नावाची पहिली गाडी ‘पोनी’ १९७४ मध्ये इटलीतील तुरिनच्या प्रदर्शनात मांडण्यात आली व १९७५ च्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू झाले. तिचे रूप इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचे, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचे आणि उत्पादनाचे मार्गदर्शन जॉर्ज टर्नबुल या ब्रिटिश अभियंत्याचे होते. कोरियाचे स्वतःचे असे त्यात काय होते? तर श्रम, शिस्त आणि उसने ज्ञान झपाट्याने आत्मसात करण्याची जिद्द. या टप्प्यावर कंपनीची स्वस्ताई कौशल्यातून आली होती, असे म्हणता येईल.

१९८६ मध्ये ‘एक्सेल’ ही गाडी अमेरिकेत ४,९९५ डॉलर या किमतीला दाखल झाली. पहिल्याच वर्षी तिची विक्री १ लाख ६८ हजारांच्या पुढे गेली. परंतु या घवघवीत यशातच पुढील अपयशाचे बीज होते. गाड्या जसजशा जुन्या होऊ लागल्या, तसतशा त्यांच्या तक्रारी वाढल्या आणि पुनर्विक्रीचा भाव कोसळला. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांत ह्युंदाई हा हुकमी हशा मिळवणारा शब्द बनला. १९९८ पर्यंत तिची तेथील वार्षिक विक्री एक लाखाच्याही खाली घसरली. ग्राहकाने किंमत पाहून गाडी घेतली होती. मोल कळल्यावर त्याने पाठ फिरवली. एखाद्या कंपनीची निंदा वर्तमानपत्री टीकेने होते तेव्हा तिला उत्तर देता येते; ती विनोदातून होऊ लागली की उत्तर देणेच हास्यास्पद ठरते. ह्युंदाईची अवस्था नेमकी अशी झाली होती.

हमी : पत लेखी स्वरूपात

यातून बाहेर पडण्यासाठी कंपनीने जो मार्ग निवडला, तो अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. १९९८ मध्ये तिने अमेरिकेत आपल्या गाड्यांच्या इंजिन व गिअरबॉक्ससाठी दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी जाहीर केली. वरवर पाहता ही विक्रीची क्लृप्ती वाटते. तिचे खरे महत्त्व कारखान्याच्या आत होते. दहा वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च कंपनीच्याच खिशातून जाणार असल्यामुळे न दिसणाऱ्या जागी केलेली काटकसर तिलाच महाग पडणार होती. ग्राहकाचे हित आणि कंपनीचे हित या हमीने एकाच दोरीला बांधले. चुंग मोंग-कू यांच्या नेतृत्वाखाली गुणवत्तेवर सातत्याने भर दिला गेला आणि २००४ मध्ये जे. डी. पॉवर या संस्थेच्या नव्या गाड्यांच्या प्रारंभिक गुणवत्ता पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीने दुसऱ्या स्थानावर आली. जागतिक मंदीच्या काळात, जानेवारी २००९ मध्ये, नोकरी गेल्यास गाडी परत करण्याची मुभा तिने ग्राहकांना दिली. त्यामागेही हेच सूत्र होते : ग्राहकाची भीती ओळखायची आणि तिच्यावरील उपाय कागदावर लिहून द्यायचा.

सँट्रो : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

मे १९९६ मध्ये ह्युंदाईने भारतात संपूर्ण मालकीची कंपनी स्थापन केली आणि तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे कारखाना उभारला. सप्टेंबर १९९८ मध्ये ‘सँट्रो’ बाजारात आली. त्या वेळी मराठी मध्यमवर्गीयाच्या मनात परकीय मोटार कंपन्यांविषयी एक रास्त शंका होती. प्रीमियर आणि पेजो यांनी कल्याण येथे भागीदारीत सुरू केलेला उपक्रम अल्पावधीत बंद पडला होता. कंपनी उद्या निघून गेली तर सुटे भाग कोठून आणायचे, हा प्रश्न गाडीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा होता. त्यात सँट्रोचे उंच, डोके वर काढलेले रूप तेव्हाच्या रुचीला विचित्र वाटणारे होते. त्याच वर्षी देवू कंपनीची मॅटिझ आणि डिसेंबरात पुण्याच्या टाटांची इंडिका हे प्रतिस्पर्धीही पुढे आले.

या परिस्थितीत ह्युंदाईने केलेली जाहिरात ही स्वतंत्र अभ्यासाची वस्तू आहे. शाहरुख खान या अभिनेत्याकडे कंपनीचा ‘किम’ नावाचा कोरियन प्रतिनिधी येतो आणि आमच्या गाडीची जाहिरात करा, अशी विनंती करतो. अभिनेता लगेच होकार देत नाही. ही कंपनी कोण, तिची गाडी मी का विकावी, असे उलट विचारतो. आपल्या शास्त्रचर्चेच्या परंपरेत प्रतिपक्षाची शंका प्रथम पूर्ण बळाने मांडण्याची रीत आहे. तिला पूर्वपक्ष म्हणतात. पूर्वपक्ष जितका प्रामाणिक, तितका उत्तरपक्ष भक्कम. सँट्रोच्या जाहिरातीने ग्राहकाच्या मनातील पूर्वपक्ष त्याच्या लाडक्या नटाच्या तोंडी घातला. एरवी जाहिरातीतील नट प्रथमपासून वस्तूच्या बाजूने बोलतो. येथे तो प्रथम आपल्या बाजूने बोलला. ही या जाहिरातीची खरी ताकद होय.

अर्थात जाहिरातीने शंका मांडता येते, तिचे निरसन गाडीलाच करावे लागते. मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटर असण्याच्या त्या काळात सँट्रोला बहुबिंदू इंधन अंतःक्षेपणाचे इंजिन होते; उंच छतामुळे वयस्कर माणसांना व नऊवारीतील आजींना चढणे-उतरणे सोयीचे होते. डिसेंबर १९९९ मध्ये मारुतीने स्वतःच उंच बांध्याची वॅगन-आर आणली, ही सँट्रोच्या रूपाला मिळालेली पावतीच म्हटली पाहिजे. पुढे २००७ मध्ये आय-१० आणि २०१५ मध्ये क्रेटा आली. एकेकाळी उपहासाचा विषय असलेली नाममुद्रा भारतीय मध्यमवर्गाच्या आकांक्षेचा विषय झाली.

न दिसणाऱ्या जागची बचत

येथवरचा इतिहास यशोगाथेसारखा वाटेल. परंतु समीक्षेला यशोगाथेपाशी थांबता येत नाही. ज्या काळात ह्युंदाईचा लौकिक वाढत होता, त्याच काळात जुना मोहही टिकून होता, असे अनेक घटना दाखवतात.

नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत असे उघड झाले, की ह्युंदाई व तिच्याशी संलग्न किआ या कंपन्यांनी सुमारे नऊ लाख गाड्यांचे इंधनमान प्रत्यक्षाहून अधिक दाखवले होते. २०१४ मध्ये त्यांनी दहा कोटी डॉलरचा दंड मान्य केला. इंजिनांतील दोषांमुळे २०१५ पासून मोठ्या संख्येने गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि त्यातील दिरंगाईबद्दल २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांविरुद्ध मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई झाली.

याहून बोलके उदाहरण चोऱ्यांचे आहे. चुकीच्या किल्लीने इंजिन सुरूच होऊ न देणारी ‘इमोबिलायझर’ नावाची यंत्रणा अमेरिकेतील बहुतेक गाड्यांत प्रचलित झाली होती. ह्युंदाई व किआच्या अनेक स्वस्त प्रकारांत मात्र ती नव्हती. समाजमाध्यमांवर चोरीची युक्ती पसरली आणि २०२१-२२ नंतर या गाड्यांच्या चोऱ्यांची लाटच आली. २०२३ मध्ये ग्राहकांशी सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. लक्षणीय गोष्ट अशी, की शेजारच्या कॅनडात २००७ पासून कायद्यानेच ही यंत्रणा बंधनकारक असल्यामुळे तेथील गाड्यांत ती होती. म्हणजे प्रश्न तंत्रज्ञानाचा वा ऐपतीचा नव्हता. जेथे कायद्याने विचारले तेथे दिले, जेथे विचारले नाही तेथे वाचवले, इतकाच होता.

भारतातील सुरक्षिततेचा इतिहासही हेच सांगतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने केलेल्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या भारतीय आय-१० ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे, की त्या फेरीत मारुती, टाटा, फोर्ड व फोक्सवॅगन यांच्या एअरबॅगविरहित गाड्यांचीही तीच गत झाली; दोष एका कंपनीचा नव्हता, बाजाराच्या रीतीचा होता. परंतु पुढील पाच वर्षांत रीत बदलू लागली. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला आणि जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या महिंद्र एक्सयूव्ही-३०० ला पाच तारे मिळाले. या दरम्यान, २०१९ मध्ये, नव्या सँट्रोला मात्र दोनच तारे मिळाले. २०२२ मध्ये क्रेटा तीन ताऱ्यांवर थांबली. स्पर्शपडदा, मागचा कॅमेरा, छतातील काच या दिसणाऱ्या सोयी भरघोस होत्या. न दिसणाऱ्या सांगाड्याबाबत तितकी उदारता नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्युंदाईने भारतातील आपल्या सर्व गाड्यांत सहा एअरबॅग प्रमाण म्हणून देण्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात व्हर्नाला पाच तारे मिळाले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र ती कशामुळे झाली, हे विसरता कामा नये. स्पर्धक कंपन्या, स्वतंत्र चाचण्या आणि जागरूक ग्राहक यांनी मिळून न दिसणारी गोष्ट दिसती केली. त्यानंतर ती विक्रीचा मुद्दा बनली.

तळेगाव : एका छपराखालील तीन नावे

या चर्चेला महाराष्ट्रात एक विलक्षण संदर्भ आहे. जनरल मोटर्सने सप्टेंबर २००८ मध्ये तळेगाव येथे कारखाना सुरू केला. तेथे शेव्हरोले स्पार्क आणि नंतर बीट या गाड्या तयार होत. शेव्हरोले हे नाव अस्सल अमेरिकी. पण या दोन्ही गाड्यांचे मूळ कोरियन होते. १९९९ मध्ये कोरियातील देवू उद्योगसमूह कोसळला, त्याच्या मोटार व्यवसायाचा मोठा भाग २००२ मध्ये जनरल मोटर्सने घेतला आणि मॅटिझचीच पुढील पिढी भारतात स्पार्क या नावाने आली. देवूच्या नावावर ज्या ग्राहकाने विश्वास ठेवला नसता, त्याने तीच परंपरा अमेरिकी चिन्हाखाली बिनतक्रार स्वीकारली. लौकिक यंत्राला चिकटत नाही, नावाला चिकटतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

पुढे ते नावही गेले. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावातील उत्पादनही थांबले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सबरोबर जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेला विक्रीव्यवहार गुंतवणुकीच्या बदललेल्या नियमांमुळे २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आलेली नवी व्हेन्यू ही येथे तयार होणारी तिची पहिली गाडी. २०२८ पर्यंत वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता गाठण्याचे कंपनीचे उद्दिष्ट आहे.

ही वार्ता महाराष्ट्रासाठी आनंदाची आहे, यात शंका नाही. तथापि एका तपशिलाकडे लक्ष वेधणे कर्तव्य ठरते. करारात हस्तांतरित होणाऱ्या मालमत्तेची जी यादी जाहीर झाली, तिच्यात जमीन, इमारती आणि निवडक यंत्रसामग्री यांचा उल्लेख होता, माणसांचा नव्हता. जुन्या कामगारांच्या भरपाईचा आणि रोजगाराचा वाद कारखाना बंद झाल्यानंतर दीर्घकाळ धुमसत राहिला. कायद्याच्या दृष्टीने ती जबाबदारी विकणाऱ्याची असू शकेल. पण मराठीत ‘मोल’ हा शब्द वस्तूपुरता मर्यादित नाही. मोलमजुरी, मोलकरीण या शब्दांत तो श्रमाचा वाचक आहे. गाडीचे मोल ठरवताना ती ज्या हातांनी घडते त्यांचे मोल वगळता येईल काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या आधी आपली भाषाच विचारते.

समभाग आणि पत

ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची समभागविक्री झाली. सुमारे २७,८७० कोटी रुपयांची ही विक्री तोवरच्या भारतीय इतिहासातील सर्वांत मोठी होती. १,९६० रुपये दराने दिलेला समभाग पहिल्याच दिवशी त्या दराखाली उघडला आणि आणखी खाली बंद झाला. ही संपूर्ण विक्री मूळ कोरियन कंपनीच्या हिश्श्याची असल्यामुळे जमा झालेला पैसा भारतीय कंपनीकडे न येता तिच्याकडे गेला. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु कमी दामात अधिक देणारी म्हणून ओळखली जाणारी कंपनी जेव्हा स्वतःचाच हिस्सा विकावयास काढते, तेव्हा ग्राहक म्हणून तिच्यावर प्रेम करणारा मध्यमवर्ग गुंतवणूकदार म्हणून तोच दर महाग मानतो, ही गोष्ट मार्मिक आहे. पुढे २०२५ या वर्षातील देशांतर्गत विक्रीत महिंद्र आणि टाटा या दोन्ही कंपन्यांनी तिला मागे टाकले. एकदा मिळालेली पत कायमची मिळत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ह्युंदाईचा लौकिक तिच्या कमी किमतीमुळे वाढला, हा समज अपुरा आहे. केवळ किमतीच्या बळावर मिळालेले यश एक्सेलच्या रूपाने अल्पजीवी ठरले.

२. कंपनीने ज्या ज्या वेळी आपला शब्द लेखी व मोजता येण्याजोगा केला, त्या त्या वेळी तिची पत उंचावली. दहा वर्षांची हमी आणि सर्व गाड्यांतील सहा एअरबॅग ही त्याची ठळक उदाहरणे होत.

३. ग्राहकाला न दिसणाऱ्या जागी केलेली बचत उशिरा का होईना दिसते आणि वाचवलेल्या रकमेच्या कित्येक पट वसूल करते.

४. परवडणारी गाडी हा मध्यमवर्गाचा हक्क आहे. परंतु फरकाची रक्कम कोण भरतो, हे विचारणे हे त्या वर्गाचे कर्तव्य आहे. ती रक्कम कौशल्याने भरली जात असेल तर वस्तू स्वस्त आहे. प्रवाशाच्या सुरक्षिततेतून किंवा कामगाराच्या मोबदल्यातून भरली जात असेल तर ती केवळ कमी किमतीची आहे.

एमएच-२० क्रमांकाची पाटी लावून तळेगावात घडलेली गाडी उद्या येथील रस्त्यांवर धावेल, तेव्हा तिची किंमत सर्वांना ठाऊक असेल. तिचे मोल जोखण्यासाठी मात्र धडक चाचणीचा अहवाल, हमीपत्राचा तपशील आणि कारखान्याच्या फाटकावरील परिस्थिती या तिन्ही गोष्टी वाचाव्या लागतील. ग्राहकाने हे वाचन अंगी बाणवले, तर कोणत्याही नाममुद्रेला आपली पत जाहिरातीवर नव्हे, तर कामावर सिद्ध करावी लागेल.